आबांच्या हातात देऊ नये

सरलाताई, मी तुमच्या दारावर आलो नाही.

धुळ्याला तुमच्या घरी दहा दिवस माणसं बसायला येत होती म्हणे. आपल्याकडे माणूस गेलं की दारावर जावं लागतं, आणि जो जात नाही तो सगळ्यांच्या लक्षात राहतो. मी गेलो नाही. सुतक फिटायच्या गंधमुक्तीलाही नाही. विचारलं त्याला सांगितलं, भिकन सुट्टीवर आलाय, रोज चारला त्याची ठाण्यात हजेरी असते, त्याला एकट्याला सोडून धुळं गाठता येत नाही. लोकांना पटलं. तुम्हाला पटलं नसतं. तुम्ही म्हणाल्या असत्या, "का हो आबा, सकाळच्या एसट्या बंद झाल्या का?"

बंद नाही झाल्या. खरं सांगतो. तुमच्या ओट्यावर जाऊन बसलो असतो तर कुणीतरी विचारलंच असतं, बाबा, तुम्ही ताईंचे कोण? जळगावला डाळमिलमध्ये चाळीस वर्षं हमाली केली. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळी चढलो. शेठ असो की मुकादम, कोणासमोर खाली बघितलं नाही. त्या एका प्रश्नाला मात्र खाली बघावं लागलं असतं. म्हणून नाही आलो. चुकलं असं म्हणत नाही. का नाही आलो ते सांगतो.

आता इथल्या दवाखान्यातल्या माणसांनी तुमच्या आठवणींची वही करायला घेतली आहे. शिपाई म्हणाला, आबा, तुम्ही पण चार ओळी लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. पण माझं चार ओळींत मावायचं नाही. आणि सुधारून कोणाकडून घेणार नाही, जसं येतं तसं लिहितो.

तर तुमचा मी कोण, ते इथेच सांगून टाकतो. माझा मुलगा भिकन जन्मठेपेचा कैदी आहे. त्याला मनाचा आजार आहे. वर्षातून एकदा तो पॅरोलच्या सुट्टीवर महिनाभर घरी येतो. त्या महिन्यात त्याच्या गोळ्या, त्याची हजेरी आणि माझं डोकं, तिन्ही ठिकाणावर ठेवायचं काम तुमचं होतं. मी त्याचा बाप आणि त्याचा जामीन.

घ्या. लिहिलं. हात मोडला नाही.

*

भिकनच्या हातून माणूस गेला. ते मी कधी झाकलं नाही. गेला तो परका नव्हता, शेजारचा होता, माझ्या मांडीवर खेळलेला होता. त्याच्या आईच्या दारावरून जाताना मी आजही चपला हातात घेतो. पण ते का झालं हे आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. कोर्टालाही कोणी सांगितलं नाही. भिकनला आवाज ऐकू येतात हे पहिल्यांदा ओळखलं तुरुंगातल्या डॉक्टरने, शिक्षा लागल्यावर. तिथे गोळ्या सुरू झाल्या आणि पोरगा माणसात आला. भिकनची आई तेवढं बघायला राहिली नाही.

पहिली सुट्टी मंजूर झाली तेव्हा मी सही केली. ठाण्यातल्या हवालदाराने कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "आबा, जामीन तुम्ही. रोज सकाळी दहाला याला इथे उभा करायचा. तारखेला तुरुंगाच्या दारात पोचवायचा. एक दिवस इकडेतिकडे झाला तर हा फरार, आणि पुढची सुट्टी विसरा." मी म्हटलं, "माझा शब्द आहे." तो म्हणाला, "शब्द ठेवा तुमच्याजवळ, सही करा." केली. अंगठा नाही, सही.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पण वहीत लिहितोय तर वाचणाऱ्याला कळू द्या.

तुरुंगातून येताना भिकनजवळ गोळ्यांचं पाकीट होतं. एक गोळी सकाळी, दोन रात्री. सकाळची घेतली की त्याची जीभ जड व्हायची, पापण्या मिटायच्या, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ यायची. तसाच त्याला दहाच्या हजेरीला नेला. ठाण्यात पाच-पन्नास माणसं. हवालदाराने नाव विचारलं, भिकनला पटकन बोलता येईना. हवालदार हसून म्हणाला, "काय रे, सकाळी सकाळीच लावून आला का?"

सगळे हसले, ताई. माझ्या घराण्यात कोणी दारूला शिवलेलं नाही. माझ्या पोराला भर ठाण्यात दारुडा म्हणाले, आणि मी जामीन म्हणून शेजारी उभा होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याची सकाळची गोळी बंद केली. पाकिटातून काढायची, त्याला द्यायची नाही, माझ्या तंबाखूच्या डबीत टाकायची. मनात म्हटलं, हजेरीपुरता पोरगा ताठ उभा राहू दे, रात्रीच्या दोन तर चालूच आहेत. पण हजेरी रोजची. म्हणजे सकाळची गोळी रोजच बंद. एवढा साधा हिशेब मला सुचला नाही. आणि तीन-चार दिवस पोरगा खरंच ताठ उभा राहिला. हवालदार म्हणाला, "आज शुद्धीवर दिसतोय." माझी छाती फुगली.

बाराव्या दिवशी तो हजेरीला यायला तयार होईना. उन्हाळा होता. गिरणेच्या कोरड्या वाळूत जाऊन बसला. म्हणाला, "आबा, ती मोटार माले हाका मारी राहिनी." काठावरच्या विहिरीची मोटार बंद होती. वीजच नव्हती.

दहा वाजून गेले. मी काठावर उभा, तो खाली वाळूत. हात धरून ओढावं तर अंगावर येईल. ठाण्यात कळवावं तर फरार म्हणतील, नाहीतर वेडा म्हणतील. त्या वेळी मला दोन्ही सारखंच वाटत होतं.

आणि तुम्ही आल्या. स्कुटीवर. डोक्यावर हेल्मेट, साडीवर पुरुषी शर्ट, तोंड उन्हाने लाल. मला वाटलं, बचत गटाची बाई असेल. तुम्ही विचारलं, "भिकनचे वडील तुम्हीच ना? सुट्टीवर आलेल्यांची यादी तुरुंगातून येते माझ्याकडे. मी सरकारी दवाखान्यातून आले. गोळ्या दाखवा."

मी म्हटलं, "कसल्या गोळ्या? तो बरा आहे."

"बरा आहे तो वाळूत बसलाय का?"

"हवा खातोय."

"बरं. मग तो हवा खाईपर्यंत मला पाकीट बघू द्या."

घरी नेऊन पाकीट दाखवलं. तुम्ही मोजल्या. पाकिटात रात्रीच्या बरोबर होत्या, सकाळच्याही बरोबर होत्या. मी मनात हसलो. तुम्ही ओसरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आबा, जरा तंबाखू द्या."

बाईमाणसाने तंबाखू मागितली म्हणून मी गोंधळलो. डबी पुढे केली आणि मग आठवलं. तुम्ही झाकण उघडलं. चुन्याने माखलेल्या अकरा गोळ्या.

"मला कसं कळलं विचारा," तुम्ही म्हणाल्या.

मी डबी ओढून घ्यायला गेलो.

"सगळ्या घरांत डबीच असते. कुठे मिशेरीची, कुठे तंबाखूची. पोराला गोळीची लाज वाटत नाही आबा. लाज वाटते बापाला."

मी तुम्हाला घरातून निघायला सांगितलं. आठवतं? "बाई, तू नीघ" म्हटलं होतं, अरेतुरे करून. तुम्ही निघाल्या, पण घरी नाही गेल्या, नदीत गेल्या. वाळूत त्याच्यापासून चार हात लांब बसल्या. मी काठावरून बघत होतो.  पाऊण तासाने तुम्ही त्याला काहीतरी विचारलं. तो हसला. बारा दिवसांत पहिल्यांदा. नंतर मी भिकनला विचारलं, काय म्हणाली रे ती बाई? तर म्हणे, तिने विचारलं, या वाळूत डांगरं कोण लावतं, आणि चोरायची झाली तर कोणत्या बाजूने यावं.

त्याला स्कुटीवर मागे बसवून तुम्ही सरळ ठाण्यात नेला. मी मागून रिक्षाने पोचलो. हजेरीला तीन तास उशीर. हवालदार वही उघडून बसलेला. तुम्ही माझ्या डबीतली एक गोळी पुसून त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, ही उद्या सकाळी घ्या. आणि दहाला माझ्यासमोर सरळ उभं राहून स्वतःचं पूर्ण नाव सांगून दाखवा. जमलं तर याला फरार लिहा."

हवालदार गोळीकडे बघत राहिला. आतून फौजदार बाहेर आले. तुम्ही पुढे काय काय बोलल्या ते मला सगळं कळलं नाही, पण आवाज चढवला नाही. तासाभरात कागद झाला. हजेरी सकाळी दहाच्या ऐवजी दुपारी चारला. मनाच्या डॉक्टरांशी तिथूनच फोनवर बोलल्या आणि सकाळची गोळी रात्रीच्या दोन गोळ्यांबरोबर गेली. झालं. एवढंच करायचं होतं. घड्याळाचे काटे इकडचे तिकडे.

एवढ्यासाठी मी पोराला बारा दिवस जाळलं होतं.

जाताना तुम्ही हेल्मेट घालत म्हणाल्या, "जामीनदार, उद्या येते. कळण्याची भाकर करायला लावा कोणाला तरी. सकाळपासून पोटात काही नाही." मला राग होता. पण ज्वारी-उडदाची ती भाकर मी स्वतः थापली. जाड झाली होती. तुम्ही दोन खाल्ल्या आणि म्हणाल्या, "याची वीट चांगली होईल."

*

लोक म्हणतात ताई फार गोड होत्या. कोण म्हणतं? माझ्याशी तर कधी गोड बोलल्या नाहीत. पण तुमचं काम मी बघितलं. बघून शिकायचं वय नव्हतं माझं, तरी शिकलो.

बाजाराच्या दिवशीच तुम्ही तालुक्याला यायच्या, हे मला आधी कळत नव्हतं. वाटायचं, बाईला भाजी स्वस्त मिळते म्हणून येते. मग ध्यानात आलं. बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, का आलास. दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांची खोली वेगळी होती, तिच्यावर पाटी होती, पण तुम्ही त्या पाटीखाली कधी बसल्या नाहीत. इंजेक्शनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायच्या. तिथे सगळेच बसतात. ज्याला हवं त्याला बाकावरच पाकीट, डॉक्टरांची गाठ मागच्या दाराने, आणि पाकीट पिशवीत मेथीच्या जुडीखाली. एकदा एक बाई गोळ्या घेऊन निघाली तेव्हा तुम्ही तिला हाक मारून म्हणाल्या, "अक्का, वांगी घे थोडी, पिशवी रिकामी दिसते."

आणि तुमची वही. सुटला कधी, परत कधी, गोळ्या संपणार कधी, हजेरी किती वाजता. गोळ्या संपायच्या आदल्या बाजारी पाकीट तयार. मला दाखवायच्या नाहीत. "दुसऱ्यांची नावं आहेत, आबा." मी म्हणायचो, मला तुमची अक्षरं कुठे लागतात. तुम्ही म्हणायच्या, "नाव तर लागतं ना!" आणि वही मिटायच्या.

तुरुंगातून माणूस सुटून येतो तेव्हा सगळे त्याच्यावर डोळा ठेवतात. पोलीस ठेवतात, गाव ठेवतं, भाऊबंद ठेवतात. त्याची गोळी आज संपली का, झोप लागली का, हे विचारणारं सबंध तालुक्यात एक माणूस होतं. एक. बाकीचे सगळे तो कधी पळतो त्याची वाट बघत होते.

*

आपलं भांडण राहिलं आहे. ते काही तुम्ही गेल्या म्हणून मी मिटवणार नाही.

तिसऱ्या सुट्टीत तुम्ही म्हणाल्या, "आबा, आता पाकीट भिकनच्या हातात द्या. त्याची गोळी तो घेईल."

मी म्हटलं, "जामीन कोण?"

"तुम्ही."

"मग पाकीट माझ्याजवळ."

"जामीन माणसाचा घेतलाय तुम्ही, गोळीचा नाही. तो चाळिशीला आला आबा. आत रोज रांगेत उभा राहून स्वतः घेतो. घरी आला की तुम्ही त्याच्या जिभेखाली बोट घालून बघता. मी बघितलंय."

"एकदा चुकलो. पुन्हा चुकणार नाही."

"चुकला तुम्ही होता. शिक्षा त्याला का?"

मी आवाज चढवला. तुम्हीही चढवला. बाकावरची माणसं बघायला लागली. शेवटी तुम्ही दम खाऊन म्हणाल्या, "आबा, चौऱ्याहत्तर झाले तुम्हाला. तुम्ही किती वर्षं पुरणार त्याला?"

मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा जास्त."

रागात बोललो होतो, ताई. तुम्ही हसल्या होत्या. बावन्न वर्षांची बाई, स्कुटीवर शंभर गावं फिरणारी. असं काही होईल म्हणून मी बोललो नव्हतो. पण शब्द मागे घ्यायची मला सवय नाही, आणि आता घेऊन देऊ कोणाला? तो तसाच राहिला आहे. 

दुसरं भांडण याहून जुनं. अशा आजाऱ्यांच्या घरच्या माणसांची तुम्ही दवाखान्यात बैठक घ्यायच्या. दरवेळी म्हणायच्या, आबा, तुम्ही दोन शब्द बोला, तुमचं लोक ऐकतील. मी दरवेळी म्हणायचो, मला खोकला आहे. चार वर्षं खोकला होता मला. तुम्ही एकदा खडीसाखरेची पुडी आणून दिली, सगळ्यांसमोर.

*

तुम्ही गेल्या ते मला ठाण्यात कळलं. चारची हजेरी होती. तोच हवालदार. त्याने भिकनचं नाव लिहिलं, पेन खाली ठेवलं, उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, आपल्या सरलाताई गेल्या. सकाळी. छातीत दुखलं म्हणे." आपल्या म्हणाला. मी म्हटलं, "बरं." एवढंच. बाहेर येऊन पायरीवर बसलो, तर भिकनने माझी पिशवी उचलली. 

पुढच्या बाजारी दवाखान्यात गेलो. भिकनच्या गोळ्या दोन दिवसांच्या उरल्या होत्या. सुट्टी अजून तेरा दिवस. बाक होता, तुम्ही नव्हत्या. मनाचे डॉक्टर जिल्ह्याहून आलेच नाहीत, कारण त्यांना आणायची जी काही व्यवस्था होती ती तुमची होती. दोन-चार माणसं बाकावर बसून उठून गेली. मी दवाखान्याच्या बाबूकडे गेलो.

"कपाट बंद आहे," बाबू म्हणाला. "चावी मॅडमजवळ असायची."

"मॅडम जळाल्या," मी म्हटलं. "चावी जळत नाही."

"आबा, तसं नसतं. जागा रिकामी झाली. नवीन माणूस आला की बघू."

"कधी येईल?"

"वरून आदेश आला की."

"गोळ्या परवा संपतात."

"मग जिल्ह्याला घेऊन जा त्याला."

"तालुक्याबाहेर न्यायला ठाण्याची परवानगी लागते. ती कोण काढायचं?"

 बाबू हळूच म्हणाला, "मॅडम काढायच्या."

तेव्हा मी तुमच्या कपाटाला पाठ लावून खाली बसलो. हमाल माणूस एकदा बसला की त्याला उचलायला चार हमाल लागतात. म्हटलं, आता कपाट उघडा, नाहीतर माझ्यासकट बाहेर ठेवा. भिकन दारात उभा होता. त्याला म्हटलं, तू बाकावर बस.

तेवढ्यात एक बाई आली, पलीकडच्या तालुक्यातली. तिचा नवरा पहिल्यांदा सुट्टीवर आलेला. हातात मोकळं पाकीट, ते पदराखाली धरलेलं. बाबूने तिला दुरूनच हाताने नाही म्हणून सांगितलं. ती वळली. तिची चाल मी ओळखली, ताई. मी ठाण्यातून पहिल्या दिवशी तसाच निघालो होतो. ती घरी गेली असती आणि चार दिवसांनी तिचा माणूस कुठल्यातरी नदीत बसला असता.

मी बसल्या जागेवरून ओरडलो, "ओ अक्का! जाऊ नका. माझ्या पोराला आवाज ऐकू येतात. तो पण सुट्टीवर आहे. त्याच्या गोळ्या या कपाटात आहेत, तुमच्या पण असतील. बसा इथे माझ्याजवळ."

सबंध व्हरांडा माझ्याकडे बघायला लागला. इंजेक्शनची रांग, ड्रेसिंगची रांग. आमच्या गावचे दोघे होते त्यात. भिकन बाकावरून बघत होता. मी खाली बघितलं नाही. खोकलाही आला नाही.

ती बाई येऊन माझ्याजवळ खाली बसली. मग आणखी एक म्हातारा आला. त्याला मी दर बाजारी बघायचो, मला वाटायचं त्याला साखरेचा आजार आहे. तोही बसला. आम्ही तिघं झालो तेव्हा इथले तरुण डॉक्टर आतून आले. पोरगा भला आहे. त्याने जिल्ह्याला मनाच्या डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ बोलला, मग बाबूला म्हणाला, कुलूप तोडा, पंचनामा करा, दोन पंच घ्या. बाबू म्हणाला पंच कोण? मी म्हटलं, एक मी. सही येते मला.

कुलूप तोडलं. वरच्या खणात तुमची वही, खालच्या खणात खाकी पाकिटं. महिनाअखेरपर्यंतची सगळी तयार, ताई. प्रत्येकावर नाव, बाजाराची तारीख, परत जायची तारीख. तुम्ही गेल्या त्याच्या आधीच भरून ठेवलेली. त्या बाईच्या नवऱ्याचं होतं. त्या म्हाताऱ्याच्या मुलीचं होतं. वही मी बघितली नाही, डॉक्टरांनी बघितली, फोनवर एकेक गोळी वाचून विचारली, मगच दिली.

भिकनचं पाकीट निघालं. मी हात पुढे केला. डॉक्टर पाकीट वाचून थांबला. मग हसू दाबत मोठ्याने वाचलं, "भिकनच्या स्वतःच्या हातात देणे. आबांच्या हातात देऊ नये. आबा भांडतील, भांडू द्यावे."

व्हरांड्यातले सगळे हसले. ज्यांना काही माहीत नव्हतं तेही हसले. ती बाई पदर तोंडाला लावून हसली. माझा हात तसाच पुढे राहिला होता.

असं करतं का कोणी? माणूस गेल्यावर त्याच्याशी भांडताही येत नाही, आणि तुम्ही कपाटात बसून माझ्यावर डाव टाकला. मी भांडलो. तुमचा मान ठेवायला भांडलो. डॉक्टरला म्हटलं, जामीन मी आहे. तो म्हणाला, "आबा, मॅडमनी लिहिलंय भांडतील म्हणून. झालं का भांडून?" आणि पाकीट भिकनच्या हातात दिलं.

एसटीच्या फाट्यापर्यंत आम्ही चालत गेलो.  भिकनने पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं, बटण लावलं, आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "आबा, पहिल्या सुट्टीमा तुम्ही सकायनी गोळी काढी लिधी, ते माले माहीत व्हतं."

मी थांबलो. म्हटलं, "मग मागितली का नाही?"

"तुमले लाज वाटी राहिंती. म्हनीसन मी चूप राहिनू."

मला वाटत होतं मी त्याला सांभाळतोय. तो मला सांभाळत होता. माझी मान वर राहावी म्हणून बारा दिवस त्या मोटारीच्या हाका एकटा ऐकत बसला. हे तुम्हाला माहीत असणार. वाळूत त्याने सांगितलं असणार. चार वर्षं तुम्ही मला हे बोलल्या नाहीत. भांडणात माझ्या तोंडावर मारायला यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि तुम्ही ते वापरलं नाहीत.

यासाठी मी तुमचे उपकार मानतो. जिवंतपणी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही चेष्टाच केली असती.

*

कपाटाला आता नवीन कुलूप आहे आणि जागा रिकामी आहे. अजून कोणी आलेलं नाही. मी दर बाजारी जाऊन बाबूला विचारतो, आदेश आला का. तो मला बघून आता आधीच मान हलवतो. मग मी इंजेक्शनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसतो. गोळ्यांतलं मला काही कळत नाही आणि मी कोणाला काही देत नाही. फक्त जो वळून जायला लागतो त्याला हाक मारतो, जवळ बसवतो, आणि आम्ही मिळून डॉक्टरच्या दारात उभे राहतो. एकट्याला नाही म्हणता येतं. सहा जणांना म्हणताना त्यांचीही जीभ जड होते. परवा कोणीतरी म्हणालं, आबा, तुम्हाला यातलं काय समजतं, हे सरकारचं काम आहे. म्हटलं, सरकारचंच आहे, म्हणून तर सरकारच्या बाकावर बसलोय. उठवून दाखवा.

ज्या दिवशी तुमच्या जागेवर माणूस येईल त्या दिवशी उठेन. त्याच्याशी पण भांडणार आहे.

कालच भिकनला परत सोडून आलो. तुरुंगाच्या दारात वेळेच्या दीड तास आधी पोचलो. दारावरच्या शिपायाने विचारलं, औषधं कोणाजवळ? मी तोंड उघडायच्या आत भिकन म्हणाला, "माझ्याजवळ." खिशाचं बटण काढलं, उरलेल्या गोळ्या मोजून दाखवल्या. बरोबर होत्या. मी मोजल्या नव्हत्या, ताई. तेरा दिवस मी त्याच्या जिभेखाली बघितलं नाही. झोपलो नाही नीट, पण बघितलं नाही.

परतीच्या गाडीत बसलो. दरवेळी गाडी सुटली की तुमचा फोन यायचा. "पोचला का?" विचारायच्या, मी "हो" म्हणायचो आणि ठेवून द्यायचो. त्याच्यापुढे कधी एक शब्द बोललो नाही. काल जळगाव येईपर्यंत फोन हातात धरून होतो. म्हणून इथे लिहितो.

पोचला, ताई. वेळेवर पोचला, शुद्धीवर पोचला. माझा हात धरला नव्हता.